ओटी घेऊन पणजीला

धर्माबादच्या स्टेशनवर आम्ही दोघी जावा सकाळच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो आणि आमच्या सामानात कपड्यांपेक्षा नारळच जास्त होते. कर्म माझं! गल्लीत कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण सासूबाईंना सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही आणि सासूबाईंना सांगितलं की गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही. मी त्यांना सांगितलं होतं, "आत्याबाई, छायाला घेऊन कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाते." ते खोटं नव्हतंच, कोल्हापूर आमच्या वाटेवरच होतं. फक्त त्याच्या पुढे पणजी आहे, एवढं मी गाळलं.

मग काय, आदल्या संध्याकाळी बायकांची रांगच लागली. कुणी खण दिला, कुणी नारळ, कुणी बांगड्या. आमच्याकडं देवीला जाणाऱ्या माणसाच्या हाती आपलीही ओटी द्यायची रीत आहे आणि ती घ्यायला नाही म्हणता येत नाही. छाया एकेक पिशवी घेत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. शेवटची बाई गेल्यावर ती मला म्हणाली, "अक्का, त्यांनाबी असंच न्हाई म्हणता आलं नसल."

'त्यांना' म्हणजे तिच्या नवऱ्याला, माझ्या धाकट्या दिराला. गंगाधर भाऊजी मिरचीच्या आडतीवर कामाला होते. मागच्या वर्षी ते आडतीवरच्या मित्रांबरोबर पणजीला गेले, नदीतल्या कॅसिनोच्या बोटी बघायला. घरी मात्र सांगितलं, माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला चाललोय. आमची ती कुलदेवी. छायानं मोठ्या हौसेनं ओटी बांधून दिली. सासूबाईंनी तांबूल आणायला सांगितला. त्यांच्या तोंडात एकही दात नाही, म्हणून माहूरचा कुटलेला विडा त्यांचा जीव की प्राण. परत येताना नांदेडच्या पानवाल्याकडून विडा कुटून घ्यायचा आणि माहूरचा म्हणून द्यायचा, असा या बहाद्दरांचा बेत होता. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. संध्याकाळी बोटीवर भाऊजींच्या छातीत कळ आली. लहान होडीतून काठावर आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

माझे मालक जाऊन प्रेत घेऊन आले. सोबत भाऊजींची बॅग आली. कपडे होते, चार्जर होता, साबणसुद्धा होता. ओटी नव्हती. मित्रांना विचारलं, तर कुणाला काही माहीत नाही. तेव्हापासून सासूबाईंचं रोज एकच चालू होतं. "रेणुकाआईच्या नावानं खोटं बोलला. ओटी टाकली असल कुठं तरी उकिरड्यावर. ती सोडती व्हय?" पोटच्या पोराबद्दल ही बाई असं बोलायची आणि डोळ्याला टिपूस नसायचं. छाया भाकरी थापता थापता ऐकायची. तिनं देवापुढं दिवा लावायचं बंद केलं. मी शाळेत शिकवते, देवी माणसं मारत फिरते हे मला पटत नाही. ते मी छायाला हज्जारदा सांगितलं. तिनं प्रत्येक वेळी मान हलवली आणि शेवटी म्हणाली, "त्यांनी टाकली असल तर टाकली, मी गप बसन. पण मला कळू द्या अक्का. न कळता जगणं होऊन न्हाई राहिलं."

म्हणून ही सहल. मीच आखली. एका मित्राला वाड्यावर बोलावून चांगलं झापलं, तेव्हा त्यानं लॉज कुठं होता ते सांगितलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होतीच, मालकांना विश्वासात घेतलं. ते एवढंच म्हणाले, "जावा. पण मला परत तिथं यायला सांगू नका."

नांदेडला उतरून लातूरची एस.टी. पकडली. उन्हाळ्याचे दिवस, खिडकीतून भट्टीसारखी हवा. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. लातूरला स्टँडबाहेर जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या आणि त्यावर हसणारी पोरं. तिथं सुशीला-भजं खाल्लं (सुशीला म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता). छायानं निम्मं टाकलं. सोलापूरच्या अलीकडं ड्रायव्हरनं असा काही ब्रेक मारला, की वरच्या फळीवरची पिशवी फाटली आणि नारळ गडगडत सगळ्या गाडीभर झाले. "मावशी, दुकान टाकायला निघाल्या का?" कंडक्टर ओरडला. अख्खी गाडी हसली. मी सीटखाली वाकून नारळ गोळा करून राहिले होते, तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाबांनी पायाशी आलेला नारळ उचलून डोक्याला लावला आणि मग माझ्या हातात दिला. छाया ते बघत होती.

कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात मी एकटीच आत गेले. सगळ्यांच्या ओट्या नाव घेऊन घेऊन वाहिल्या. छाया बाहेर चपलांजवळ बसून राहिली. मी आग्रह केला नाही. देवळाबाहेर लोक खरेदी करत होते, फोटो काढत होते. एक बाई छायाला म्हणाली, "चपला राखताय का तुम्ही?" आणि तिच्या शेजारी आपल्याही चपला ठेवून निघून गेली.

पुढं घाट लागला. आमच्या डोळ्यांना इतक्या हिरव्याची सवय नाही. मे महिन्यात झाडं हिरवी असतात, हे बघून मला हेवाच वाटला. छायाला मात्र वळणांनी मळमळायला लागलं आणि बिचारी गोवा येईपर्यंत लिंबू हुंगत पडून राहिली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती म्हणाली, "त्यांनाबी गाडी लागायची. कुणी लिंबू दिलं असल का?" मला रडू आलं. मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

पणजीला उतरलो तेव्हा सकाळ होती आणि अंग चिकट झालं होतं. हवेत मासळीचा वास. नदी आमच्या गोदावरीसारखी दिसते, पण पाणी समुद्राच्या भरतीनं तुडुंब. आणि त्या पाण्यात त्या बोटी. मी मनात काय काय कल्पना केली होती! दिवसा बघितल्यावर दिसलं, गंजलेले दोरखंड, विझलेले बल्ब, मागच्या बाजूनं कचऱ्याच्या पिशव्या उतरवणारी माणसं. लग्न उरकल्यावर मंगल कार्यालय दिसतं, तशा त्या दिसत होत्या. छाया कठड्याला धरून उभी राहिली. "ही कोणती?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. मित्रानं नाव सांगितलं होतं, पण मी मुद्दाम विसरले होते.

लॉज जवळच्याच गल्लीत निघाला. तांबड्या कौलांचं जुनं घर, खाली खानावळ, वर खोल्या. गल्ल्यावर एक जाडजूड बाई बसली होती, झग्यातली, गळ्यात क्रूस. कार्मेलीन तिचं नाव. तिनं आम्हाला उंडो (गोल पाव) आणि पातळ भाजी दिली. खाऊन झाल्यावर मी भाऊजींचा फोटो तिच्यापुढं धरला. बाईचं तोंडच उतरलं.

"पोलीस येवन गेले," ती घाईघाईनं म्हणाली. "आमचो कांयच दोष ना."

"भांडायला नाही आलो बाई," मी म्हटलं. "ही त्यांची बायको. तिला फक्त एक विचारायचंय."

छाया पुढं झाली. तिनं दोन्ही हातांनी पदराचा ओचा करून दाखवला, ओटीत काही घेतल्यासारखा. कार्मेलीन तिच्याकडं बघत राहिली. मग खुर्चीतून उठली.

"म्हाका याद आसा (मला आठवतं)," ती म्हणाली. पुढचं ती आपल्या कोकणी-मराठीत बोलली, ते असं. दुपारी बाकीचे झोपले होते. हा माणूस एकटाच खाली आला, हातात गाठोडं. विचारायला लागला, इथं देवीचं देऊळ कुठं आहे आणि माझ्यासोबत कुणी बाई येईल का. कारण गड्यानं ओटी भरायची नसते म्हणे. ही म्हणाली, मी ख्रिश्चन, मी कशी येऊ? तर तो तिथंच पायरीवर बसला. जेवला नव्हता, घामेघूम झाला होता. म्हणाला, बायकोनं देवीसाठी दिलंय आणि मी भलतीकडंच आलो, आता हे परत कसं नेऊ? टाकून तर देता येत नाही.

"मागीर हांवें म्हळें (मग मी म्हटलं)," कार्मेलीन म्हणाली, "आमच्या घरात सायबीण आसा." सायबीण म्हणजे त्यांची मेरीमाता, गोव्यात सगळेच तिला तसं म्हणतात. "तो म्हणाला, आई आहे ना ती? मग चालतंय. मला विचारलं, तुमचे मालक आहेत का? मी म्हटलं आहे, तिथं बारमध्ये पडलाय. तो हसला. मग त्यानं सगळं माझ्या ओटीत दिलं, मी ते सायबिणीला वाहिलं आणि त्यानं हात जोडले."

तिनं आम्हाला आत नेलं. भिंतीत लाकडी देवघरासारखं कपाट, त्यात निळ्या वस्त्रातली मूर्ती, पुढं मेणबत्ती. मूर्तीच्या पायाशी हिरवा खण घडी करून ठेवलेला. छाया जवळ गेली. नांदेडच्या दुकानात तिनं तो खण निवडताना मीच बरोबर होते. कोपऱ्यावर तिच्या बोटाचं कुंकू अजून होतं.

"नाल्ल (नारळ) मात्र हुमणात (माशाच्या कालवणात) घातला," कार्मेलीन ओशाळून म्हणाली. "कुजतलो आसलो (कुजला असता)." आणि मग तिनं तो खण उचलून छायापुढं धरला. "तुजो. व्हर (घेऊन जा)."

छायानं हात मागं घेतले. "न्हाई बाई. ओटी परत घेत न्हाईत." तिनं खण तिच्या हातातून न घेता फक्त त्याला बोटं लावली आणि बोटं कपाळाला टेकवली.

मला वाटलं, सुटलो! एवढ्या लांब आल्याचं चीज झालं, पोरीच्या छातीवरचा धोंडा उतरला. मी तर लगेच सहलीच्या गोष्टी बोलायला लागले, चल, चर्च बघू, समुद्र बघू. तिनं सगळं बघितलं. समुद्रात घोट्यापर्यंत उभी राहिली. 

दिवेलागणीला तीच म्हणाली, नदीवर जाऊ. सकाळच्या त्या मळकट बोटी ओळखू येत नव्हत्या. लाल, निळे, पिवळे दिवे धावत होते, पाण्यातही तेच दिवे. गाणी चालू होती. काठावर पोरंपोरी, नवी जोडपी, आमच्यासारखीच गावाकडून आलेली माणसं. टाय लावलेला एक पोरगा आमच्यापुढं आला, "आंटी, पॅकेज घ्या, जेवण आहे, डान्स आहे." मी त्याला हाकलला. छाया बोटीकडं डोळे लावून होती.

"जत्रेवाणी हाय," ती म्हणाली. "त्यांना लई आवडलं असल." मग म्हणाली, "अक्का, त्यांनी टाकली न्हाई."

"हाव गं. नाही टाकली."

"उपाशी बसले, पण टाकली न्हाई. देवीची देवीला पोचवली." तिनं माझ्याकडं बघितलं. "मंग कशाला नेलं ओ त्यांना?"

मी बाई शिकलेली, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. आणि मी नुसता तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. इतके दिवस तिला निदान कारण होतं. ते वाईट होतं, भयंकर होतं, पण ते धरून ती भाकरी थापत होती. मी तिला इतक्या लांब आणून तेही काढून घेतलं. ती तिथंच कठड्याखाली बसली आणि मोठ्यानं रडली. त्या गाण्यांच्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नाही.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. घाट तोच, एस.टी. तशीच, लातूरचं ऊन तसंच. धर्माबादला पोचलो तेव्हा स्टेशनवरच मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि आम्ही दोघी शिंकत शिंकत घरी आलो.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. "झालं का दर्शन?" त्यांनी विचारलं. आणि आम्ही पाय धुवायच्या आत नेहमीचं सुरू केलं, "माझ्या पोराला बुद्धी असती तर त्यानंबी असंच दर्शन..."

"आत्याबाई," छाया मधेच म्हणाली. सासूला मधे तोडताना मी तिला पहिल्यांदाच बघितलं. "आमी पणजीला बी जाऊन आलो. त्यांनी ओटी टाकली न्हाई. मी माझ्या डोळ्यानं खण बघितला. देवीपुढं हाय."

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "मंग?" त्या म्हणाल्या. "मंग आईनं का..."

"आईनं कायबी केलं न्हाई. ते उगंच गेले, आत्याबाई. उगंच."

छाया आत गेली. देवापुढं वात पेटवल्याचा वास आला. मी बाहेरच उभी होते. म्हातारी बराच वेळ तशीच बसली, जबडा हलवत, तोंडात काही नसताना. लोक मला विचारतात, गोवा कसा वाटला? मी सांगते, छान आहे, नदी आहे, दिवे आहेत. पण ती सहल आठवली, की मला पणजी आठवत नाही, आमचा ओटा आठवतो. कारण वर्षभर जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती माझी सासू तिथं कपाळ बडवून घेत होती, आणि म्हणत होती, "विडा आणतो म्हणला होता गं. मला विडा आणतो म्हणून गेला होता."