ढोमा, सॅक्सोफोन आणि सोसायटीचा सत्यनारायण

जुईनगरच्या आमच्या सोसायटीने मला लेखी कळवलं होतं, 'आपल्या वाद्यामुळे रहिवाशांना त्रास होतो.' वाद्य म्हणजे लग्नाच्या बँडमधून निवृत्त झालेला सॅक्सोफोन, त्याच्या दोन चाव्या दोऱ्याने बांधलेल्या. पत्राच्या शेवटी सेक्रेटरींनी थोडी दया दाखवली होती. सत्यनारायणाच्या संध्याकाळी मला दहा मिनिटं मिळणार, मग हात वर करून मतदान. लोकांना आवडलं तर वाजवा, नाही तर सॅक्सोफोन गेटबाहेर.

"अहो, एखादं भजन वाजवा. सोपंसं," बायको म्हणाली.

पण ती नव्वदच्या दशकातली गोष्ट, आणि मला जाझचं वेड लागलेलं. फुटपाथवरून आणलेल्या एका कॅसेटमध्ये कुठल्या कुठल्या देशांचे ढोल होते, सॅक्सोफोन होता आणि मध्येच देवमाशाची हाक. मी ठरवलं, हेच करायचं. अडचण एवढीच होती की आमच्या खाडीत देवमासा नव्हता.

वाट दाखवली नाखव्याने. शेजारच्या गावातला होडीवाला तो. त्याची बायको आमच्या जिन्यात मासे विकायची आणि तो हळदीच्या कार्यक्रमांत ढोलकी वाजवायचा. "देवमासा कशाला? ढोमा बोलतो की!" तो म्हणाला. आपण कालवणात टाकतो तोच ढोमा. एका संध्याकाळी त्याने मला होडीत बसवलं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि दांडा माझ्या कानाला लावला. "माजा बाप असाच ऐकायचा, मग जालं टाकायचा." लाकडातून खरंच काहीतरी पुसटसं टकटकलं. मी हललोच.

"पुन्यांदा संध्याकालीच या, भरतीला," त्याने बजावलं. पण धीर धरेल तो मी कसला! रविवारी भर दुपारी एकटाच जेट्टीवर गेलो आणि माइक पाण्यात सोडला. माइकवर चढवायला मेडिकलमधून कुटुंब नियोजनाचं पाकीट आणलं होतं. ते माइकसाठीच आहे, हे बायकोला अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

टेप ऐकली आणि मी उडालो. ठण्... ठण्... ठण्. काय लय! एकही मात्रा इकडची तिकडे नाही. आठ दिवस खपून मी त्यावर अख्खी रचना बसवली आणि छाती फुगवून नाखव्याला ऐकवली. त्याने डोळे मिटून ऐकली. मग इतका हसला की होडी डुलायला लागली.

"मास्तर, हा मासा नाय. पुलाचा हातोडा हाय!"

खाडीवर तेव्हा नवा पूल बांधत होते. खांब ठोकायच्या त्या यंत्राबरोबर मी आठ दिवस जाझ वाजवत होतो.

सत्यनारायणाला चार दिवस उरले होते. "आता भजनच," बायको म्हणाली. मी म्हटलं, ढोमाच. रजा टाकली नाही, पण कामावरून सुटलो की थेट होडी. पहिल्या संध्याकाळी टेपवर शेजारच्या होडीचं इंजिन आलं. दुसऱ्या संध्याकाळी धप, धप, धप. हातोडा तर दिवसापुरता बंद झाला होता! नाखव्याने माझ्या पायाकडे बोट दाखवलं. मी बूट घालून फळीवर ताल धरत होतो.

तिसऱ्या संध्याकाळी अनवाणी बसलो, दोन्ही हातांनी गुडघे दाबून. आणि आला. टर्र... टक टक... बराच वेळ काही नाही... टर्रटक. कुठलाच ठेका नाही. मी मात्रा मोजायला लागलो तर नाखवा म्हणाला, "तो तुमच्या मागं येनार नाय, मास्तर. हलदीला नवरीची मावशी नाचते ना, तसा हाय तो. ती थांबली की आपून थांबायचं." रात्रभर नाही, पण जेवणाची वेळ टळेपर्यंत त्या मावशीच्या मागे मी फुंकत होतो. जमलं असं नाही म्हणणार, पण अडखळायचा थांबलो.

सत्यनारायणाच्या मांडवात नाखव्याला ढोलकीसह शेजारी बसवलं आणि टेप लावली. टर्र, टक. लगेच मांडववाला धावत आला आणि त्याने स्पीकरला दोन थपडा दिल्या. लोक हसले. सेक्रेटरी उठून वायरी हलवायला लागले. माझा श्वास तुटला, सूर चिरकला, पण मी सॅक्सोफोन तोंडातून काढला नाही.

मागच्या रांगेतून नाखव्याची बायको गरजली, "ओ सेक्रेटरी, वायर नका हलवू! ढोमा हाय तो. शुक्रवारी दोन वाटे नेलेत ना माज्याकडून, तोच!"

मांडवातल्या सगळ्या माना सेक्रेटरींकडे वळल्या. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की सत्यनारायणाच्या पूजेत मी मासे आणले होते. गुरुजींनी शिऱ्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. सेक्रेटरी लालेलाल. "पूजेच्या मांडवात मासे?"

"आवाज हाय वो," ती म्हणाली, "कालवन नाय."

पहिल्यांदा हसले ते गुरुजीच. मग नाखव्याने ढोलकी पुढे ओढली. ढोमा थांबला की आम्ही थांबायचो, तो बोलला की मी बोलायचो. दहाची चौदा मिनिटं झाली, कुणी घड्याळ दाखवलं नाही. दोन-तीन बायका कान देऊन ऐकत होत्या. बाकीचे बहुधा शुक्रवारच्या दोन वाट्यांची चर्चा करत होते.

मतदानात मी जिंकलो नाही आणि हरलोही नाही. ठराव झाला, घरात वाजवायचं नाही. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, संध्याकाळी सहा ते सात. सेक्रेटरींनी एक अट आपल्या हाताने वाढवली, 'चतुर्थीला मासे वाजवू नयेत.'

दुसऱ्याच दिवशी मी टेप आणि सॅक्सोफोन घेऊन गच्चीवर चढलो. पुलाचा हातोडा अजून चालू होता. तो थांबेपर्यंत टाकीला टेकून बसलो, मग बूट काढले.