बसून उतरण्याची रीत

औंढा नागनाथला राहणाऱ्याकडे पाहुणे त्याच्यासाठी येत नाहीत, देवळासाठी येतात. हे एकदा मान्य केले की राग राहत नाही. शिरड शहापूरच्या शाळेतून निवृत्त होऊन आम्ही उभयता इथे आलो. घर देवळापासून दोनशे पावलांवर आहे. सोय चांगली आहे.

पाहुण्यांना देऊळ दाखवण्याचे काम माझे. खालचा काळा दगड जुना, वरचे बांधकाम नंतरचे, हे मी बोटाने दाखवतो. भिंतीवरचे हत्ती पाहण्यास पुरेसा वेळ देतो. नंदी मागच्या बाजूस का, हे प्रत्येक जण विचारतो. मागे जाऊन कीर्तन करणाऱ्या संतासाठी देऊळच फिरले, ही कथा सांगतो आणि तिच्यावर मत देत नाही. दुपारी जेवण, उन्हे उतरल्यावर सिद्धेश्वरचे धरण. असा दिवस मला आवडतो.

इथला देव मात्र भुयारात आहे. अरुंद, उंच पायऱ्यांवरून वाकून उतरावे लागते. पाहुणे खाली जात, मी वर थांबे. पत्नीचे गुडघे दुखू लागल्यापासून तीन वर्षे मी तिलाही उतरू दिले नव्हते. "पडशील," एवढेच म्हटले होते. "ही येत नाही, मग मी एकटा कशाला," असे पाहुण्यांना सांगे. तिने वाद घातला नाही. पाहुण्यांना वाढताना ती प्रत्येकाला विचारी, "देवाला हात लागला का?"

श्रावण सरल्यानंतरच्या एका सोमवारी सिद्धेश्वरकडची एक म्हातारी आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसली. तिच्या घरी मेंढरे आहेत. दर सोमवारी दर्शनाला येते.

"बाई, तुमी काहून येत न्हाई देवाला?" तिने पत्नीला विचारले.

"गुडघे. यांनी मना केलंय."

"गुडघे तुमचे दुखून राहिले का गुर्जींचे?"

पत्नी हसली. मी हसलो नाही. "पायऱ्या अवघड आहेत," मी म्हणालो.

"व्हय, उभ्यानं अवघडच हायेत. मी कवा उभी उतरते? बसून उतरते. मेंढरू उताराला अडलं की आपल्याला म्होरं व्हावं लागते, मंग येते मागून."

"चार लोक बघतील ना," पत्नी म्हणाली.

"बघू द्या की. लांबून बघायलाच आलेत ते."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी आत गेलो, कुलूप आणले आणि दाराला लावले.

भुयाराच्या तोंडाशी म्हातारी पहिल्या पायरीवर बसली. तिच्या मागे पत्नी बसली, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. एक पायरी, मग दुसरी. मागची रांग थांबली. "सरका, सरका, अजून एकच," असा म्हातारीचा आवाज आला आणि मग दोघी दिसेनाशा झाल्या. मी कठड्याला हात लावून उभा राहिलो.

वर येताना पत्नीला धाप लागली होती. लुगडे मागून काळे झाले होते. ते तिने झटकले नाही.

"आता तुमी जाऊन या," ती म्हणाली.

"मी पुन्हा कधीतरी जाईन."

"अरुंद जागेत तुमचा जीव घाबरतो. मला लग्नापासून ठाऊक हाय. पण माज्या गुडघ्यांचं नाव पुढं करून तुमी वर थांबायचं, हे आजपासून बंद."

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. तोवर म्हातारी पुन्हा पायरीवर बसलीही होती.

"बसा गुर्जी. खांदा धरा. खाली पाहू नका, माज्या पदराकडं पाहा."

मी बसलो. रांगेत माझे दोन जुने विद्यार्थी होते. त्यांनी वाकून नमस्कार केला. तो मी बसल्याबसल्या स्वीकारला आणि एक पायरी खाली सरकलो.

खाली गारवा होता. जागा मी समजत होतो तितकी लहान नव्हती.