भाऊजींच्या पडद्यावरची पट्टी

माझी थोरली बहीण टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली. लोकांचं बोलणं जोडून देण्यात तिची नोकरी सरली. पुढे घशाच्या ऑपरेशनमध्ये भाऊजींचा आवाज गेला, तेव्हा तेच काम घरातही तिच्या वाट्याला आलं. भाऊजी जुन्या लॅपटॉपवर टाइप करतात आणि लॅपटॉप ते मोठ्याने वाचतो.

मशीन थकलेलं, म्हणून ताईने त्यावरची जड ऑपरेटिंग सिस्टीम काढून हलकी बसवली. तिच्यात पडद्यावर ना घड्याळ, ना बॅटरीचा आकडा. इमारतीच्या तळमजल्यावर शेजाऱ्यांचा गप्पांचा अड्डा जमायचा; तिथे वाद रंगात आला की नेमकी बॅटरी संपून लॅपटॉप मान टाकायचा. "हरलात!" म्हणून शेजारचे मास्तर टाळी मागायचे. भाऊजी हसून द्यायचेही. पण मग त्यांनी खाली जाणंच सोडलं. ताईच्या ते जिव्हारी लागलं.

"नवा घे. हा टाक भंगारात," मी म्हणालो.

"तूही आता निवृत्त होणार आहेस ना? मग जपून बोल."

वेळ आणि बॅटरी दाखवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे तयार स्टेटस बार, त्या मशीनला पेलत नव्हते. ताईने एका छोट्याशा बारचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, इंटरनेटवरून उतरवून घेतला. त्या मजकुराचा चालता प्रोग्रॅम बनवणारा कंपाइलर एक लायब्ररी, म्हणजे लागणारा जोड-कोड, नाही म्हणून अडला. तिने ती बसवली. पडद्यावर पट्टी आली, पण अक्षर मुंगीएवढं आणि बॅटरीचा पत्ता नाही. ताईने सेटिंगच्या फाइलमध्ये दोन्ही सुधारून पुन्हा कंपाइल केलं. पट्टी ढिम्म. परत केलं, तरी तेच.

भाऊजींनी टाइप केलं. लॅपटॉप सपाट आवाजात म्हणाला, "राहू दे. मला गप्प बसायची सवय झालीय."

"मला नाही झाली," ताई म्हणाली आणि फोल्डरमधली एकेक फाइल वाचू लागली.

सेटिंगच्या फाइली दोन निघाल्या: एक नमुना, आणि दुसरी पहिल्या कंपाइलच्या वेळी त्यावरून आपोआप झालेली प्रत. कंपाइलर वाचत होता प्रत. ताई सुधारत होती नमुना.

"अगं बाई! इतका वेळ मी भलत्याच नंबरवर बोलतेय!"

प्रत सुधारून तिने पुन्हा कंपाइल केलं, आणि पडद्यावर बॅटरीचा ठसठशीत आकडा उमटला.

दुसऱ्याच संध्याकाळी भाऊजी खाली आले. ऐन वादात आकडा लाल झाला. त्यांनी हात वर करून मास्तरांना थांबवलं, चार्जर लावला आणि आपला मुद्दा सावकाश, शेवटपर्यंत मांडला.

"वहिनी, हे काही बरं केलं नाहीत," मास्तर ताईकडे बघून कुरकुरले.

"आता तुम्हीच मुद्दे शोधून आणा," ताई म्हणाली. तिच्या शेजारची खुर्ची माझी होती, आणि त्या दिवशी मी जरा ऐटीतच बसलो होतो.