हमिंगबर्ड आणि आयसोएटिस

स्पिरिटचा वास आला की मला कल्याणच्या कॉलेजातली जीवशास्त्राची तोंडी परीक्षा आठवते. घाबरून माझी दोन उत्तरं चुकली होती. बाहेरून आलेल्या वयस्कर मॅडमनी हसत विचारलं, "हमिंगबर्ड आणि पाण्यात उगवणारं आयसोएटिस, दोघांत साम्य काय गं?" एक फुलांवर भिरभिरणारा परदेशी पक्षी, दुसरं बिनफुलाचं, चिखलात रुतलेलं. मी रडवेली होऊन म्हटलं, "मॅडम, दोन्ही मी फक्त पुस्तकात बघितलेत." त्या म्हणाल्या, "पक्षी इथे कुठला? पण दुसरं जवळच खडवलीला दाखवते, रविवारी ये." रविवारी साडी खोचून त्या स्वतः डबक्यात उतरल्या, गवतासारखं ओलं रोपटं माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "घे, अर्धं उत्तर. आता हे तरी फक्त पुस्तकातलं राहिलं नाही." आता मीही परीक्षा घेते, कुणी खरं खरं "बघितलं नाही" म्हणालं, की मला रागाऐवजी मायाच येते.