साय-बेसन

लीड्समध्ये आमच्या शेजारी एक नायजेरियन नर्स राहायची. तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. दर शनिवारी ती लेकीला चर्चच्या हॉलमध्ये न्यायची. तिथे काळ्या मुलांसाठी त्यांच्याच लोकांनी शाळा काढली होती. शाळा सुटताना प्रत्येक मुलाने आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दल काहीतरी अभिमानाने सांगायचं, अशी तिथली रीत. एकदा माझ्या मुलीने हट्ट धरला, म्हणून आम्हीही गेलो.

मी डॉक्टर. शिकली-सवरलेली बाई. पण मुलगी सावळी झाली म्हणून रोज आंघोळीआधी तिला साय-बेसन चोळायचे. सासूबाईंनी सांगितलंय, असं सगळ्यांना सांगायचे. कसल्या सासूबाई! हौस माझीच होती.

शेजारणीची मुलगी आरशासमोर उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "माझा रंग माझ्या आजीचा आहे." सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मीसुद्धा.

मग माझी उभी राहिली. बराच वेळ स्वतःकडे बघत होती. शेवटी दोन्ही हात पुढे करून, माफी मागितल्यासारखं म्हणाली, "माझा अजून निघाला नाहीये. आई रोज घासते."