लघवीचं विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई

अंबडच्या सरकारी दवाखान्यात तातडीचे पेशंट बघायला एक डॉक्टरीणबाई होत्या. पेशंट रिक्षातून उतरायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "लघवी कधी झाली?" ताप असो, दम असो, आधी हे. नाव-गाव नंतर. बाजारात त्यावरून टिंगल चालायची, आणि त्यात मी पुढे असायचो. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली, त्यामुळे माझा शब्द लोक खरा मानायचे.

बोलता बोलता बाई पेशंटचे गुडघे चाचपायच्या. नख दाबून सोडायच्या आणि त्यात लाली परत येईपर्यंत बघत राहायच्या. "तोंडावर उशिरा दिसतं, काका. हातपाय आधी गार पडतात," असं म्हणायच्या.

माझ्या बायकोच्या, सुमनच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, हुडहुडी भरून ताप आला. मग ताप उतरला आणि ती गुंगीत पडून राहिली. मला वाटलं, बरं झालं, झोप लागली. पट्टी तेवढी बदलावी म्हणून दवाखान्यात नेलं.

बाईंनी तोच प्रश्न विचारला. सुमनला काही आठवेना. मी चिडलो. "काटा पायात मोडलाय, बाई. तुम्ही काय विचारून राह्यल्या? अन् ताप तर उतरला."

"उतरला न्हाई, काका. अंग थकून गेलंय त्यांचं. जखमेतला जंतुसंसर्ग आता सगळ्या शरीराला भोवून राह्यलाय. सेप्सिस म्हणतात याला. बीपी बघा किती खाली आलंय. रक्त कमी पोचलं की आधी लघवी आटते, म्हणून विचारते."

माझा भाचा गाडी घेऊन बाहेर उभा होता. "मामा, इथं टाइम घालवू नका. सीधं जालना." मीही आवाज चढवला. बाई हाताची शीर शोधत म्हणाल्या, "जालन्यालाच पाठवणार आहे. पण अँटिबायोटिक अन् सलाईन इथून सुरू होऊन जाईल. का वाटेत भाचा देणार आहे?" नर्स तोंड फिरवून हसली. बाईंनी तपासणीला रक्त काढलं, औषध शिरेतून दिलं, जालन्याला स्वतः फोन लावला आणि मगच अँब्युलन्स सोडली.

जालन्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिकडं औषध सुरू झालं नसतं, तर आमच्या हातात काही उरलं नसतं." पुढे सुमन स्वतःच्या पायांनी घरी आली. आणि मी गावभर सांगितलं की अंबडला वेळ गेला, जालन्यानं वाचवलं. भर दवाखान्यात भांडलो होतो, ते चुकलं म्हणायची लाज वाटली. बाईंच्या कानावर सगळं गेलं होतं. रस्त्यात भेटल्या तेव्हा एवढंच विचारलं, "काकूंच्या पायाची जखम भरली का?"

पुढे त्यांची मंठ्याला बदली झाली. परवा सुमनला घेऊन तिथं गेलो आणि हात जोडले. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "माझं सोडा हो. पण तुमचं ऐकून लोक दारावरून गाडी सीधी जालन्याला नेतात. पेशंट वाटेतच खचतो, काका. सांगायचं तर अंबडला सांगा."

म्हणून हे लिहिलं. अशी डॉक्टर आपल्या गावाला लाभली होती, याचा अभिमान मी तेव्हाच छाती काढून सांगायला हवा होता. आता सांगतो. सुमन जालन्यात बरी झाली. वाचली ती अंबडातच.