त्यागाचं पुडकं क्रमांक चौदा

रविवार, सकाळी दहा, जे. पी. नगर. हजर: माझे धाकटे दीर, म्हणजे अनासक्तीवर सात कादंबऱ्या लिहून त्यांच्या खपाचा आकडा रोज उठल्याउठल्या पाहणारे लेखक, त्यांचे एकोणीस वाचक, आणि व्यवस्थेला मी. गैरहजर: माझा नवरा (असल्या वेळी त्याला बेळ्ळंदूरच्या ऑफिसात काम निघतं, रविवारीसुद्धा).

वाचक-मेळाव्यात अनासक्तीचा सराव घ्यायचा, ही कल्पना माझीच. प्रत्येकाने एक लाडकी वस्तू द्यायची आणि जाताना न बघता दुसऱ्या कुणाची उचलायची. कुणी भारी वस्तू हेरू नये म्हणून मी टेबलावरचं सगळं खाकी कागदात बांधलं, क्रमांक घातले आणि कोण काय घेऊन गेलं ते वहीत लिहिलं.

सगळं म्हणजे अगदी सगळं! भाऊजींच्या नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरणही टेबलावरच होतं. हाताने लिहिलेलं, एकुलती एक प्रत, सोमवारी प्रकाशकाकडे जायची.

जे गेलं ते आपलं नव्हतंच, असं सात पुस्तकांतून सांगणारे भाऊजी सोफ्यावर आडवे झाले. "वहिनी, ते माझं होतं हो," एवढंच म्हणत राहिले.

वहीत सापडलं: क्रमांक चौदा, शांतक्का, बसवनगुडी. मूळच्या निपाणीच्या, भाऊजींच्या पहिल्या पुस्तकापासूनच्या वाचक. रिक्षाने गेलो. मी चूक कबूल करून पुडकं मागितलं.

"दिलेलं परत मागायचं नसतंय, अण्णा," त्या भाऊजींना म्हणाल्या. "तुमच्याच तिसऱ्या पुस्तकात हाय."

खूण घातलेलं पुस्तकच त्यांनी पुढे केलं. भाऊजींनी ते पान एखाद्या वैऱ्याने लिहिल्यासारखं वाचलं.

अर्धा तास विनवण्या केल्यावर अक्कांना स्वल्प दया आली. कोपऱ्यावरून झेरॉक्स काढायची; ती भाऊजींची, मूळ प्रत अक्कांची. वर त्या प्रतीवर 'प्रेमपूर्वक' लिहून सहीही करावी लागली.

सोमवारी प्रकरण वेळेत पोचलं. घोळ माझा, म्हणून मी लगेच नियमावली करून सर्व वाचकांना पाठवली. नियम पहिला: त्याग केलेली वस्तू कोणत्याही सबबीवर परत मिळणार नाही. भाऊजींनी तो तत्काळ मंजूर केला (त्यांना अनासक्ती पुन्हा जमू लागली होती).

आता माझ्या कामांच्या यादीतलं एकच काम उरलंय. मी दिलेलं माझं पितळी पुरणयंत्र क्रमांक सहाच्या बाईंकडे गेलंय. ते होळीच्या आत, कुणाला कळू न देता, परत आणायचंय.